पत्र्याच्या पेटीतला अँटेना: भोकं पाडून भागेल का?

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही शेतपंपाचे मोबाइल स्टार्टर, म्हणजे फोनवरून पंप चालू-बंद करणारे संच, बनवता. पेटी पत्र्याची, आत कॉन्टॅक्टर (मोटर जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), रिले आणि मोबाइल नेटवर्कशी बोलणाऱ्या फोर-जी मॉड्यूलचा बोर्ड. आजवर मॅग्नेटवाला अँटेना पेटीच्या डोक्यावर चिकटवून वायर ग्लँडमधून, म्हणजे वायरसाठीच्या बुचातून, आत घेत होता. वायर उंदीर कुरतडतात, अँटेना पोरं ओढून नेतात, म्हणून आता पट्टीसारखा चिकटवायचा अँटेना आतच लावून पाहिलात. टेबलावर झकास चालतो. पेटीत बसवला आणि दार उघडं ठेवलं, तरी चालतो. दार लावलं की रेंज गायब. त्यात कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की वीस पेट्यांपैकी तीन-चार पेट्या दार लावूनही व्यवस्थित चालतात. वायरमन म्हणतो, बाजूने चार भोकं पाडा. पाडावीत का?

नका पाडू. त्याने रेंज येणार नाही, फक्त पाणी आणि पाली आत जातील. पण त्या तीन-चार चालणाऱ्या पेट्या टाकून देऊ नका, त्यांच्यातच तुमचं उत्तर आहे.

आधी भोकांचं पाहू. रेडिओ लहरीला भोक किती मोठं आहे याच्याशी फारसं घेणं नसतं, ते किती लांब आहे याच्याशी असतं. मोबाइलच्या एका बँडची, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एका पट्ट्याची, ८५० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३५ सेंटिमीटर लांब. तिला २२ मिलिमीटरचं ग्लँडचं भोक जवळजवळ दिसतच नाही. अशी दहा भोकं ओळीने पाडलीत, तरी ती दहा छोटी भोकंच राहतात. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराला जाळी असते, आतलं दिसतं, पण १२ सेंटिमीटरची लहर त्या मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या छिद्रांतून बाहेर येत नाही, तसंच हे. मात्र त्याच दहा भोकांच्या मधला पत्रा हॅक्सॉने कापून एक सलग चीर केलीत, तर गोष्ट पूर्ण बदलते. चीर अर्ध्या तरंगलांबीच्या जवळ गेली, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झला १७-१८ सेंटिमीटर झाली, की ती नुसती फट राहत नाही, स्वतःच अँटेना होते.

तुमच्या चालणाऱ्या पेट्यांमध्ये नेमकी अशीच चीर आहे. ती दाराभोवती आहे.

पेटीला पावडर कोटिंग आहे, ६०-८० मायक्रॉनचं. कोटिंगमधून वीज जात नाही. दाराच्या कडेला रबराची गॅस्केट आहे, तिच्यातूनही नाही. म्हणजे दार बंद असलं तरी धातूला धातू लागतो तो फक्त बिजागरीपाशी, कुलुपापाशी आणि जिथे कोटिंग खरवडलं असेल तिथे. अशा दोन टेकणाऱ्या जागांमध्ये १५-२० सेंटिमीटरचं अंतर निघालं, तर आतला सिग्नल त्या फटीतून मजेत बाहेर पडतो. अंतर कमी निघालं, किंवा मधेच एखादा स्क्रू टेकला, की बंद.

मी हे एका पॅनेलवाल्याच्या शेडमध्ये अक्षरशः बोटाने पाहिलेलं आहे. दोन पेट्या शेजारी ठेवल्या होत्या, एकाच ड्रॉइंगच्या, एकाच दिवशी कोटिंग झालेल्या. एक चालत होती, एक नाही. चालणाऱ्या पेटीला लॅपटॉप लावून दर दोन सेकंदांनी सिग्नल वाचत होतो. सीएसक्यूचा, म्हणजे मॉड्यूल सिग्नलची ताकद सांगतं तो, आकडा १७ होता. दाराच्या उभ्या कडेला मधोमध कोटिंगचा टवका उडालेला होता, तिथे अंगठ्याने दार दाबलं. आकडा ८ झाला. अंगठा काढला, पुन्हा १७. या आकड्याची एक पायरी म्हणजे २ डेसिबल, तेव्हा नऊ पायऱ्या म्हणजे १८ डेसिबल. ताकदीच्या हिशेबात साठ-पासष्ट पट फरक, आणि तोही अंगठ्याच्या एका दाबाने. त्या मालकांनी सहा महिने मॉड्यूल बदलून पाहिली होती, सिम बदलून पाहिली होती, सॉफ्टवेअरवाल्याशी भांडणही झालं होतं. त्यांचा माल गॅस्केटच्या मेहरबानीवर विकला जात होता.

घरी करून पाहायचं असेल तर स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात फोन ठेवा, झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. टॉवर जवळ असेल तर बहुतेकदा वाजतो. लोकांना वाटतं, स्टीलमधून सिग्नल जातो. तो झाकणाच्या कडेने जातो. पत्रा पातळ केला तर चालेल का, असंही मला अनेकदा विचारतात. नाही चालत. ९०० मेगाहर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये करंट जेमतेम ३ मायक्रॉन खोल शिरतो. स्वयंपाकघरातली फॉइलही त्याच्या कितीतरी पट जाड असते. या बाबतीत १.२ मिलिमीटरचा पत्रा आणि फॉइल सारखेच.

आता पेटीच्या आत अँटेना का गुदमरतो ते पाहू. यात तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिलं, पत्र्याची जवळीक. पत्र्याला समांतर तार ठेवली की पत्र्यात तिचं उलट्या दिशेच्या करंटचं प्रतिबिंब उमटतं आणि दोघं मिळून एकमेकांना खोडतात. अंतर अगदी कमी असताना ते आणखी निम्मं केलंत, तर तेवढ्याच करंटला बाहेर पडणारी ताकद चौथाईवर येते. चिकटवायची पट्टी प्लास्टिकच्या डब्यासाठी बनवलेली असते. तिच्या माहितीपत्रकातले आकडे प्लास्टिकवर चिकटवून घेतलेले असतात. ती पत्र्याला चिकटवली की ती अँटेना राहत नाही, नुसती वीज साठवणारा कपॅसिटर होते. तुम्ही ती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली असणार, नव्वद टक्के लोक तेच करतात, कारण तिथे जागा असते.

दुसरं, पेटीचा स्वतःचा सूर. ३०० बाय २५० मिलिमीटरच्या रिकाम्या पेटीचा पहिला अनुनाद, म्हणजे ज्यावर ती घुमते तो सूर, ७८० मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. आत कॉन्टॅक्टर आणि वायरिंग आलं की तो आणखी इकडेतिकडे सरकतो. म्हणजे तुमच्या बँडमध्ये आत उभ्या लहरी तयार होतात, कुठे फुगवटा, कुठे शून्य. अँटेना दोन बोटं सरकवला की आकडा बदलतो, वायरिंगचा जुडगा दुसऱ्या बाजूने बांधला की पुन्हा बदलतो. आज बेंचवर सापडलेली ‘चांगली जागा’ उद्या दुसऱ्या फिटरने केलेल्या वायरिंगमध्ये चांगली राहत नाही.

तिसरं दुखणं म्हणजे गोंगाट, आणि त्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पेटी बाहेरचं आत येऊ देत नाही, तशी आतलं बाहेरही जाऊ देत नाही. एसएमपीएसचा, म्हणजे बोर्डाला वीज देणाऱ्या स्विचिंग सप्लायचा गोंगाट, प्रोसेसरच्या क्लॉकचे सूर, कॉन्टॅक्टर सुटतानाची ठिणगी हे सगळं आत घुमत राहतं आणि अँटेना त्याच्या मधोमध बसलेला. बारीक आवाजात बोलणाऱ्या माणसाला गिरणीत उभं करून त्याचं ऐकण्यासारखं ते आहे. आकडा बरा दिसतो, पण कमांड पोचत नाही, अशी तक्रार आली की मी आधी याच्यावर संशय घेतो.

इथे एका सापळ्याची सूचना देऊन ठेवतो. हल्ली चार-पाच हजारांत नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना मोजायचं छोटं यंत्र, मिळतो, आणि तो घ्याच, पण त्याच्या पडद्यावरच्या खोल दरीवर भाळू नका. रिटर्न लॉस उणे १० डेसिबल म्हणजे ९० टक्के ताकद परत आली नाही, एवढंच. ती हवेत गेली की पेटीतल्या वायरिंगमध्ये तापून गेली, हे तो सांगत नाही. केबलच्या टोकाला ५० ओहमचा रेझिस्टर लावा, जगातला सर्वात सुंदर रिटर्न लॉस दिसेल, आणि रेंज शून्य. पेटीत दार लावल्यावर वाचन ‘सुधारलं’ म्हणून खूश झालेले इंजिनिअर मी पाहिले आहेत.

मग कितीतरी मोबाइल फोन धातूच्या बॉडीचे असतात, त्यांचं कसं चालतं? तर ते धातूच्या ‘आत’ अँटेना ठेवत नाहीत, धातूलाच अँटेना करतात. २०१० साली आयफोन ४ मध्ये ॲपलने बाजूची स्टीलची पट्टीच अँटेना म्हणून वापरली आणि तिला खाचा देऊन वेगळे भाग केले. कल्पना उत्तम होती. पण डाव्या बाजूच्या खालच्या खाचेवर हाताचा तळवा आला की दोन भाग जोडले जायचे, अँटेनाचा सूर बिघडायचा आणि रेंजच्या काड्या पडायच्या. त्या जुलैत कंपनीला पत्रकार परिषद घेऊन फुकट कव्हर वाटावी लागली. पुढे आयफोन ६ च्या ॲल्युमिनियमच्या पाठीवर ज्या प्लास्टिकच्या रेघा लोकांना कुरूप वाटल्या, त्या रेघा नव्हत्याच, खाचा होत्या, प्लास्टिकने भरलेल्या. फोनवाल्यांकडे खाच कुठे घ्यायची हे रेडिओवाला आणि बॉडीवाला पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसून ठरवतात. आपल्याकडे पेटी शेजारच्या फॅब्रिकेटरकडून येते आणि अँटेना कुठे लावायचा हा प्रश्न डिस्पॅचच्या आठवड्यात पडतो.

तुमच्यापुढे खरे तीन रस्ते आहेत.

बाहेरचा अँटेना, पण मॅग्नेटचा नव्हे. एका भोकात आतून नट आवळून बसणारा बुटका, चपटा अँटेना मिळतो, एसटीवर जीपीएसचा असतो तशा ठेवणीचा. पेटीचा वरचा पत्रा त्याची ग्राउंड प्लेन, म्हणजे अँटेनाखालचा आधाराचा पत्रा, होतो, बाहेर ओढायला वायर नसते, उंदराला कुरतडायला काही उरत नाही. एक काळजी घ्या. काही बुटके अँटेना पत्र्यावर बसवण्यासाठी असतात आणि काही पत्रा नको असलेले, घेताना विचारून घ्या. आतली केबल वीतभरच ठेवा. मॅग्नेटच्या अँटेनाबरोबर जी तीन मीटरची बारीक काळी केबल येते, ती ९०० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण १ डेसिबल खाते. उरलेली केबल गुंडाळून पेटीत कोंबली की निम्मी ताकद तिथेच संपली, आणि त्या वेटोळ्यात गोंगाट शिरतो तो वेगळाच.

दुसरा रस्ता खिडकीचा. पत्र्यात चौकोन कापायचा, प्लास्टिकची झडप लावायची. इथे लोक चूक करतात ती अशी, की खिडकी कापतात आणि अँटेना मात्र पाच सेंटिमीटर मागे, बोर्डावरच ठेवतात. लहान खिडकीतून लांबून काही दिसत नाही, तसंच होतं. अँटेना खिडकीतच हवा, शक्यतो पत्र्याच्या पातळीच्या बाहेर. आम्ही यासाठी जे करतो त्याला आमच्यात ‘साबणदाणी’ म्हणतात. पेटीच्या माथ्यावर १२० बाय ४० मिलिमीटरचा चौकोन कापायचा आणि त्यावर एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचं वीस-पंचवीस मिलिमीटर उंच टोपण बसवायचं. अँटेनाचा छापील बोर्ड त्या टोपणाच्या छताला आतून लावायचा आणि बोर्डाचं ग्राउंड दोन ठिकाणी पत्र्याला स्क्रूने पक्कं करायचं. स्क्रूखालचं कोटिंग खरवडून स्टार वॉशर घाला, नाहीतर वर्षभराने गंज चढून रेंज हळूहळू जाते आणि कुणाला कारण कळत नाही. टोपणाचे स्क्रू पेटीच्या आतून घ्या, म्हणजे पोरांना बाहेरून उघडता येणार नाही. टोपणाला धातूची चकाकी असलेला रंग मारू देऊ नका. मार्केटिंगवाले एकदा ‘सिल्व्हर छान दिसेल’ म्हणाले होते.

तिसरा रस्ता चिरेचा, म्हणजे पेटीलाच अँटेना करायचं. मला हा सर्वांत आवडतो आणि तुम्हाला मी आत्ताच सुचवणार नाही. तरी सांगतो, कारण दाराची फट तुमच्याकडे नकळत हेच करते आहे. १७५ मिलिमीटर लांब, ४-५ मिलिमीटर रुंद अशी आडवी चीर. आडवीच, कारण चिरेचं विद्युत क्षेत्र तिच्या रुंदीच्या दिशेने असतं. आडव्या चिरेतून उभं ध्रुवीकरण, म्हणजे उभी डोलणारी लहर, मिळते, ती उघड्या शेतात बरी. केबलचा मधला धागा चिरेच्या एका ओठाला, बाहेरची धातूची जाळी दुसऱ्या ओठाला. मधोमध जोडलंत तर तिथे पाचशे ओहमच्या वर भेटेल, केबल ५० ची. म्हणून टोकापासून १५-२० मिलिमीटरवर सुरुवात करायची आणि व्हीएनए बघत सरकवायचं. हीच चीर १७०० मेगाहर्ट्झच्या आसपास पुन्हा सूर धरते, म्हणजे १८०० चा बँड थोड्या खटपटीने साधतो. २३०० साठी साडेसहा सेंटिमीटरची दुसरी चीर लागेल. अडचण पाण्याची आहे. पाण्याचा परावैद्युतांक, म्हणजे विद्युत क्षेत्र शोषून लहर आखूड करण्याची क्षमता, ८० च्या घरात. चिरेवर पावसाच्या पाण्याचा पापुद्रा बसला की सूर खाली घसरतो, आणि मोटर बंद करायची गरज नेमकी पावसातच पडते. वर प्लास्टिकची जाडसर पट्टी द्यावी लागते आणि तिच्यासकट सगळं पुन्हा मोजावं लागतं. चिरेमागे कॉन्टॅक्टर कुठे बसतो, यावरही ते बदलतं. पाच हजार पेट्या एकाच ड्रॉइंगने निघणार असतील तर या मेहनतीचं चीज होतं. महिन्याला दोनशे पेट्या आणि तीन फॅब्रिकेटर असतील तर नाही.

म्हणून तुम्ही साबणदाणी करा. ती करेपर्यंत बुटका अँटेना लावून माल पाठवा.

एक गोष्ट मात्र यातल्या कुठल्याही रस्त्याआधी तपासा, आज संध्याकाळीच. तुमच्या बोर्डाचा सप्लाय ट्रान्सफॉर्मरने किंवा आयसोलेटेड एसएमपीएसने वेगळा केलेला आहे, की स्वस्तातला कपॅसिटर-ड्रॉपर, म्हणजे मेन्सपासून वेगळा न केलेला, आहे? ड्रॉपर असेल तर बोर्डाचं ग्राउंड मेन्सशी थेट जोडलेलं असतं, आणि अँटेनाच्या केबलची जाळी म्हणजे तेच ग्राउंड. आजवर मॅग्नेटच्या अँटेनाला प्लास्टिक होतं म्हणून निभावलं. एसएमएचा, म्हणजे अँटेना जोडायचा, पितळी कनेक्टर किंवा साबणदाणीचा स्क्रू पत्र्याला लागला, की ते ग्राउंड पेटीच्या अंगावर येतं. अर्थिंग चांगलं असेल तर फ्यूज उडेल. शेतावर अर्थिंग कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ओल्या हातांनी पेटीला हात लावणारा माणूस तिथे उभा असतो. आयसोलेटेड सप्लाय नसेल तर धातूला जोडणारा कुठलाही अँटेना लावू नका, आधी सप्लाय बदला. सप्लाय ठीक असेल तर अँटेनाच्या वाटेवर सर्जसाठी, म्हणजे विजेचा अचानक झटका जमिनीत वळवायला, गॅस ट्यूब घाला, मे महिन्यातल्या विजा मॉड्यूलचं पुढचं टोक आधी खातात.

मोजण्याबद्दल दोन शब्द. व्हीएनएने मोजताना पेटी पूर्ण भरलेली, वायरिंगसकट, दार बंद, कुलूप लावलेलं. व्हीएनएची केबल दाराच्या फटीतून आत नेऊ नका. तिचा बाहेरचा पृष्ठभागच अँटेनासारखा वागतो आणि तुम्ही केबल मोजत बसता. केबल हातात धरल्यावर पडद्यावरची रेघ हलली तर समजा, हेच चाललं आहे. पत्र्यात एक कनेक्टर बसवून त्यातून जा आणि केबलवर फेराइटची मणी ओवा. मग खरी परीक्षा सिमने. एकाच जागी, एकच सिम, आधी चांगला बाहेरचा अँटेना लावून वीस-पंचवीस वाचनं, मग तुमचा, मग पुन्हा बाहेरचा. टॉवरच दर मिनिटाला बदलत असतो, त्यामुळे एकेका वाचनाला अर्थ नाही, सरासरी घ्या. तुमचा अँटेना बाहेरच्यापेक्षा ३-४ डेसिबलने कमी आला तर उत्तम समजा. १० ने कमी आला तर पुन्हा बसा. मोटर चालू-बंद करत असतानाही वाचा, वर सांगितलेला गोंगाट तिथेच पकडला जातो. आणि मॉड्यूल कुठल्या बँडवर बसलं आहे तेही टिपून ठेवा. जिओचा सिम ८५० वर आहे की २३०० वर, हे न पाहता केलेली तुलना ऐरणीची आणि कात्रीची तुलना होते.

शेवटची चाचणी शेतावर, आणि ती एप्रिलमध्ये उरकून टाकू नका. उसाच्या पट्ट्यातल्या एका गिऱ्हाइकाने मला फोन केला होता, स्टार्टर उन्हाळ्यात चालला, ऑगस्टपासून चालत नाही. गेलो. पेटी छातीच्या उंचीवर खांबाला, आणि चारी बाजूंना डोक्याच्या वर गेलेला, पावसाने निथळणारा ऊस. अँटेनाचा काही दोष नव्हता. पेटी खांबावर चार फूट वर घेतली आणि चालू झाली. पेटीबरोबर वर गेलेल्या हाताच्या स्विचसाठी शेतकरी आता स्टूल ठेवतो.